वकिलातवाली मृदुला

फ्रीजच्या दारावर पिझ्झाची कुपनं साठत जातात ना, तसेच किस्से साठतात. मुद्दाम कुणी जमवत नाही, पण काढून टाकायलाही हात धजत नाही. २००३ ते २००७ अशी चार वर्षं मी अमेरिकेत, मिशिगनमधल्या ॲन आर्बरमध्ये शिकायला होतो. तिथले माझ्याकडचे निम्मे किस्से एकट्या मृदुलाचे आहेत.

मृदुला मिरजेची. राहायची आमच्या खालच्या मजल्यावर आणि जेवायची आमच्याकडे. आम्ही म्हणजे मी आणि नागपूरचा गौरव, दोघंही मेकॅनिकलवाले. मृदुला इतिहासात पीएचडी करत होती. विषय काय, तर चिली देशातल्या जर्मन वकिलातींचा इतिहास!

डेट्रॉइटला उतरली त्याच दिवशी इमिग्रेशन ऑफिसरनं तिचे पेपर्स बघितले, तिच्याकडे बघितलं, पुन्हा पेपर्स बघितले.

"तू इंडियाची. अभ्यास जर्मनीचा. तोही चिलीतला. आणि शिकायला मिशिगन?"

"येस सर."

"याहून लांबचं काही मिळालं नाही?"

"शोधलं होतं सर," मृदुला म्हणाली.

त्यानं हसत हसत शिक्का मारला!

* * *

मिरजेत तिच्या आईनं सगळ्यांना सांगितलं होतं, "आमची मृदुला वकिलातीचा अभ्यास करते." त्याचा नातेवाइकांनी घ्यायचा तोच अर्थ घेतला. एका रविवारी आत्याचा फोन.

"मृदुला, तू वकील झालीस म्हणे! अगं, आमच्या शेजाऱ्यानं कुंपणाची भिंत फूटभर आमच्या हद्दीत सरकवलीय. जरा नोटीस लिही त्याला."

मृदुलानं अर्धा तास समजावलं. वकिलात म्हणजे कोर्ट नाही आत्या, दुसऱ्या देशात बसून आपल्या माणसांच्या वतीनं बोलणारी कचेरी.

आत्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "मग झालं तर! तू अमेरिकेत बसून आमच्या वतीनं बोल."

मृदुलानं शेजाऱ्याला इंग्रजीत एक अतिशय नम्र पत्र पाठवलं. शेजाऱ्याला इंग्रजी येत नव्हतं.

पंधरा दिवसांत भिंत मागे गेली!

* * *

जेवताना ती आम्हाला तिचा विषय शिकवायची. एकदा सांगत होती, की जर्मनी एक देश होण्याआधी चिलीच्या बंदरात हॅम्बुर्गचा वकील, म्हणजे वकिलातीचा प्रमुख, वेगळा, ब्रेमेनचा वेगळा, प्रशियाचा आणखी वेगळा. एकाच गावात, सगळे जर्मनच बोलणारे.

त्या वर्षी आमच्या गावात मराठी लोकांचे दोन गणपती बसले होते. आरती कुठल्या चालीत म्हणायची यावरून पुणेवाले आणि नागपूरवाले फुटले होते.

गौरवनं पोळीचा तुकडा हातातच धरला आणि म्हणाला, "म्हणजे मी ब्रेमेन!"

तेव्हापासून आमच्यात तो ब्रेमेनच. नंतर त्याच्या लग्नात माझ्या तोंडून स्टेजवर 'ब्रेमेन' निघालं, तर मुलीकडचे घाबरलेच.

* * *

आता माझ्या बाबांचा किस्सा. बाबा साताऱ्याला भूमी अभिलेख कार्यालयात होते, जमिनींची जुनी कागदपत्रं सांभाळायला. मोडी घडाघडा वाचायचे. आई गेल्यावर मी त्यांना सहा महिन्यांसाठी बोलावून घेतलं, आणि नेमका हिवाळा! बाहेर गुडघाभर बर्फ. मी लॅबमध्ये, गौरव लॅबमध्ये, आणि बाबा खिडकीत बसून बसेस मोजायचे. बोलणं कमी कमी होत चाललं होतं. मला ते दिसत होतं, पण काय करावं ते सुचत नव्हतं.

एका दुपारी मृदुला कागदांचा गठ्ठा घेऊन वर आली. दक्षिण चिलीतल्या एका बंदरगावात, पहिल्या महायुद्धानंतर, एक जर्मन व्यापारी जर्मनीचा मानद, म्हणजे बिनपगारी, वकील होता. घरातच ऑफिस, दारावर पाटी. बर्लिनला पाठवलेल्या प्रत्येक पत्राची सही केलेली एक प्रत तो घरी ठेवायचा. त्याच्या मुलीचं पुढे मिशिगनमध्ये लग्न झालं, आणि तिनं ती सगळी ट्रंक आमच्या लायब्ररीला देऊन टाकली. मृदुला मिशिगनला आली ती या ट्रंकेसाठीच.

"काका, हे जुनं जर्मन अक्षर वाचून माझे डोळे गेले," असं म्हणून तिनं गठ्ठा टेबलावर ठेवला आणि ती चहा टाकायला गेली.

बाबांना जर्मनचं एक अक्षर येत नाही. त्यांनी चष्मा पुसला आणि एकेक झेरॉक्स उजेडात धरून बघायला लागले. चहा आला, गार झाला.

"मृदुला, मजकूर लिहिणारा हात आणि सहीचा हात एक नाही."

"वकिलाचा कुणी कारकून असेल काका."

"असेल. पण हे बघ, प्रत्येक सहीच्या आधी एक बारीक ठिपका आहे. आमच्याकडे म्हाताऱ्या शेतकऱ्यांना सही कुठे करायची ते कळावं म्हणून मी असाच ठिपका द्यायचो आणि त्यांचं बोट त्यावर टेकवायचो. या माणसाला दिसत नव्हतं, पोरी. आणि अक्षर बाईचं वाटतंय."

मृदुला धावत लायब्ररीत गेली. त्या वकिलाच्या बायकोची खाजगी पत्रंही ट्रंकेत होती, मृदुलानं ती कधी उघडलीच नव्हती. अक्षर तेच!

त्या रात्री जेवताना बाबा तासभर बोलत होते. मी दोनदा भात घेतला, फक्त ते थांबू नयेत म्हणून.

* * *

त्या वकिलाची मुलगी म्हणजे एल्झेबाई. ऐंशीच्या पुढच्या, तासाभराच्या अंतरावर एका वृद्धाश्रमात राहायच्या. मृदुलानं त्यांना पूर्वी दोन पत्रं लिहिली होती, 'तुमच्या वडिलांविषयी बोलायचं आहे.' उत्तर नाही. आता तिनं तिसरं लिहिलं, 'तुमच्या आईविषयी बोलायचं आहे.'

चार दिवसांत उत्तर आलं. "शनिवारी या."

गौरवच्या खटारा गाडीतून आम्ही तिघं गेलो. एल्झेबाई ताठ बसलेल्या, आवाज करडा. म्हणाल्या, "माझी आई मला आठवते ती बंद दाराच्या पलीकडे. ती सतत पपांच्या ऑफिसात. मी बाहेर. मला त्या कागदांचा राग होता, म्हणून तर देऊन टाकले!"

मृदुलानं हळूच सह्या दाखवल्या. ठिपके दाखवले. वकिलाची नजर गेली होती आणि पद जाऊ नये म्हणून बायकोनं ते कुणालाच कळू दिलं नव्हतं, मुलीलाही नाही, हे सांगितलं.

बाई बराच वेळ त्या ठिपक्यांवर बोट फिरवत होत्या.

"पपा रोज सकाळी मला मोठ्यानं पेपर वाचायला लावायचे," त्या म्हणाल्या. "म्हणायचे, तुझं जर्मन कच्चं आहे, सराव कर. मी रडायचे. आठ वर्षं रोज वाचला."

त्यांनी मग एकदम मान वर केली.

"म्हणजे माझं जर्मन चांगलं होतं!"

* * *

मग मृदुला महिन्यातून एकदा तरी जायचीच. ट्रंकेतल्या कच्च्या वह्यांच्या झेरॉक्स घेऊन जायची, एल्झेबाई ते अक्षर भराभर वाचून दाखवायच्या.

एका पानावर मधोमध लहान मुलानं काढलेलं चित्र होतं. गोल डोकं, दोन कान, चार काड्यांचे पाय. त्याच पानावर जहाजांविषयीचा रिपोर्ट. पान फाडलेलं नव्हतं, चित्र खोडलेलं नव्हतं. आईनं प्रत्येक ओळ चित्रापाशी आणून, त्याला वळसा घालून पुढे नेली होती.

प्रबंधाच्या मसुद्यात मृदुलानं तळटीप दिली होती, 'पानावर मांजराचे चित्र.'

एल्झेबाईंनी पान हातात घेतलं. किती तरी वेळ ठेवलंच नाही. शेवटी म्हणाल्या, "हे मांजर नाही. घोडा आहे."

मृदुलानं तळटीप बदलली.

तिचा डिफेन्स, म्हणजे प्रबंधावरची शेवटची तोंडी परीक्षा, झाला तेव्हा हॉलमध्ये आम्ही सगळे होतो. सगळं सुरळीत चाललं होतं. शेवटी कमिटीतल्या सर्वांत कडक प्रोफेसरांनी चष्मा कपाळावर चढवला.

"तळटीपेत तुम्ही 'घोडा' म्हटलंय. मी ते पान पाहिलंय. ते उघड उघड मांजर आहे. या विधानाला आधार काय?"

 मृदुलानं मागच्या रांगेकडे बघितलं.

"चित्रकार, सर."

व्हीलचेअरमधून एल्झेबाईंनी हात वर केला.