गुडघ्याचा फोटो

फोटो काढायचा म्हटल्यावर मी नथ घातली. हसू नका. मिठाच्या सत्याग्रहाला दोन-तीन वर्षं झाली असतील. आमच्या मळ्यात फोटो म्हणजे लग्नातला, तोसुद्धा पैसेवाल्यांचा. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, स्वतः पेटीतलं हिरवं लुगडं काढून दिलं.

त्याआधी महिनाभर मी लंगडत होते. झेंडूची पाटी डोक्यावर घेऊन पंचवटीच्या बाजाराला निघाले होते, घाटाच्या शेवाळल्या पायरीवरून घसरले आणि गुडघ्यात कट्‌कन वाजलं. सूज उतरली, पण जरा उतार आला की गुडघा दगा द्यायचा आणि मी फुलांसकट खाली. मामंजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, सरळ सांगून टाकलं, "हाड मोडलं असंल तर देवळ्याला माहेरी नेऊन सोडा. मळ्यात लंगडी बाई काय कामाची? दुसरी बघू." आमचे हे तिथंच बसले होते. तंबाखू मळत राहिले. भरल्या घरात आपलं कुणीच नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

हाड मोडलंय का ते बघायला हे मला दवाखान्यात घेऊन गेले. तिथं यंत्रावरच्या माणसाने नथीकडे बघितलंसुद्धा नाही. "लुगडं गुडघ्याच्या वर घ्या, हलू नका." एवढंच. मेली अशी लाज वाटली! नंतर डॉक्टरांनी तो काळा फोटो उजेडात धरला. "हाड शाबूत आहे," ते म्हणाले. "पण हाडाला हाड बांधणारे दोर असतात, ते फोटोत येत नाहीत. ते तुटले असले तर..." यांनी पुढचं ऐकलंच नाही. फोटो काखोटीला मारून बाहेरही पडले.

घरी अंगणातूनच ओरडले, "फोटोत काय बी आलं नाय!" झालं! माहेरची पाठवणी टळली, पण त्या दिवसापासून मी ढोंगी. शेजारणी विचारायच्या, "काय गं, आज नाटक नाय का?" असा संताप यायचा, आणि रडायचीसुद्धा चोरी.

एका दुपारी घरात कुणी नव्हतं. "बघू तरी तुझी थेरं," असं पुटपुटत आत्याबाई गुडघ्याला तेल चोळायला बसल्या. एका हाताने मांडी दाबून धरली, दुसऱ्याने पोटरी पुढं ओढली, तर नडगी जागची सरकली. जात्याचा ढिला खुंटा हलतो तशी. त्यांचा हात थबकला. पुन्हा ओढून बघितली. पुन्हा सरकली.

"अगं बया," त्या हळूच म्हणाल्या, "हे तर सुटलंय."

मला हुंदकाच फुटला. वाटलं, सुटले मी! आता आत्याबाई सगळ्यांना सांगतील. पण त्यांनी तेलकट हाताने माझं तोंड दाबलं.

"गप. कुणापाशी बोलायचं नाय. ढोंगी सून घरात राहती, पोरी. लंगडीला बाहेर काढतात."

तेवढ्यात मामंजी दारात आले. "काय म्हणती फोटोवाली?"

"काय म्हणणार? ढोंग हाय नुसतं," आत्याबाई म्हणाल्या, आणि माझ्या गुडघ्यावर लुगडं ओढून दिलं.