नाव नसलेला ब्लॉग

गोंदियातल्या माझ्या सायबर कॅफेत तो दर रविवारी आपल्या खेड्यावरून यायचा. कालव्यावर पाणी सोडायची नोकरी, आणि एका बोटानं टाइप करत चालवलेला सारस पक्ष्यांचा ब्लॉग. लिहायचा फार सुंदर, पण स्वतःचं नाव कुठंच नाही.

“नाव टाका ना, भाऊ,” मी म्हणायचो.

“कायले? नावावरून लोक गाव शोधतेत, अन् कॅमेरे घेऊन धानातल्या घरट्यापाशी येतेत.”

कॉमेंटला मात्र घरी आलेल्या पाहुण्याशी बोलावं तसं उत्तर द्यायचा. एकदा नाशिकच्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी लिहिलं, “नजर अधू होत चाललीय. एकदा सारस पाहायचाय.” मग त्यानं ईमेल केला, ‘गोंदिया स्टेशनवर उतरा, माणूस घ्यायला येईल.’

तो माणूस म्हणून हाच गेला. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर बसवून बाईंना दुरून सारसाची जोडी आणि घरटं दाखवलं.

“ब्लॉग लिहिणारे कुठं आहेत?” बाईंनी विचारलं.

“कामावर गेले जी,” हा म्हणाला.

पुढच्या रविवारी त्यानं हे सांगितलं, तेव्हा मी विचारलं, “मग मला कधी दाखवता?”

“तुमचे डोळे चांगले हायेत जी. तोंडाचा भरवसा नाही.”

इथं मी त्याचं नाव लिहिलेलं नाही, त्याच्या खेड्याचंही नाही. त्यानं वाचलं, तर बोलावेल कदाचित.