अधांतरी कुंभार

सुई टेकते की नाही? या एका प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी मी हे लिहायला बसलो आहे. उत्तर मला फार वर्षांपासून ठाऊक आहे. ते मी कोणालाही सांगितलेले नाही — पत्नीला नाही, सहकाऱ्यांना नाही, आणि ज्याला सांगायला हवे होते त्याला तर नाहीच. तुम्हाला सांगतो.

पन्नासचे दशक सरत आले होते. चांदा जिल्ह्यातल्या एका तलावकाठच्या गावात मी शिक्षक होतो. दर रविवारी सकाळी शाळेच्या ओसरीवर मी मासिकातले विज्ञानाचे पान गावाला वाचून दाखवीत असे. ढिवर जाळी दुरुस्त करीत ऐकत, बाया धान पाखडीत ऐकत. एका रविवारी पान निघाले ते परदेशातल्या एका नव्या यंत्राचे. फिरत्या तबकड्यांवर माहिती साठवणारे यंत्र — पुढे जग ज्याला हार्ड डिस्क म्हणू लागले, त्याचा पूर्वज.

मी क्रमाने समजावले. तबकडी धातूची. तिच्यावर लोखंडाच्या गंजासारखा तांबूस लेप. त्या लेपात चुंबकाने खुणा करणे म्हणजे लिहिणे, त्या पुन्हा ओळखणे म्हणजे वाचणे. आणि ही दोन्ही कामे करणारा भाग — त्याला मासिकाने ‘हेड’ म्हटले होते. आता, आमच्या गावात हेड म्हणजे हेडमास्तर. आणि आमचे हेडमास्तर देहाने भारदस्त. ‘हेड तबकडीवरून सरकते’ एवढे मी वाचले मात्र, ओसरी हसून लोळली.

तो हशा आवरायला मी एक शब्द पदरचा घातला — सुई. ग्रामोफोनसारखी सुई, म्हणालो, तबकडीला टेकते आणि वाचते. मासिकात सुई नव्हती. टेकते, असेही कुठे नव्हते.

सोमाजी कुंभार खांबाला टेकून बसलेले. वयाने माझ्याहून मोठे; आम्ही सारे त्यांना सोमाभाऊ म्हणत. ते म्हणाले, “गुरुजी, तांबडा लेप म्हंजे आमचा गेरूच झाला ना?”

“तसाच समजा.”

“मंग सुई टेकन कशी? माह्या चाकावरच्या मडक्याले जरासं नख लागलं तं गेरू निघून जाते. तुमचं तं रोज फिरन! ते हेड टेकत नसन गुरुजी. वरच्या वर राहत असन — अधांतरी.”

आणि पुढे हेही म्हणाले — बोट एका जागी धरले तर चाकावर बंद वलय उमटते, बोट सरकवत नेले तर गोगलगायीच्या पाठीसारखे वेटोळे होते; मग यंत्रात यातले काय होते?

किती नेमके प्रश्न! मी काय केले? मी हसलो. म्हणालो, “हेडमास्तर अधांतरी राहतील, असा दोर आपल्या गावात आहे का सोमाभाऊ?” ओसरी पुन्हा लोळली. त्या दिवसापासून गावाने त्यांचे नाव अधांतरी ठेवले. पण ते गावाने ठेवले असे म्हणणे बरोबर आहे का? नाही. ते मी ठेवले.

दोन महिन्यांनी मासिकाचा पुढचा लेख आला. तबकडी फिरत असताना हेड तिला टेकत नाही. मध्ये हवेचा अतिशय पातळ थर असतो. खुणा एका सलग वेटोळ्यात नसतात, तर एकात एक अशा बंद वर्तुळांत असतात. त्या वर्तुळांना मी मनात लगेच नाव दिले — चाकोऱ्या. शब्द सुचल्याचा आनंदही झाला, हे लपवत नाही. मग ते पान फाडले आणि वर्गातल्या जुन्या नकाशाच्या गुंडाळीत सारले. त्या रविवारी गांडुळावर वाचन केले.

एवढेच असते तर कदाचित कधीच बोलून टाकले असते. पण दोन वर्षांनी शाळा तपासायला डिप्टीसाहेब आले. मी वर्गात त्या यंत्रातली माहितीची साठवण शिकवली — कुंभाराचे चाक, गेरूचा लेप, न टेकणारे बोट, बंद वलये. मुलांना पटकन समजले. साहेब खूष. “उदाहरण तुम्हीच शोधले?” त्यांनी विचारले.

मी ‘हो’ म्हणालो.

त्याच क्षणी सोमाभाऊ शाळेचा नवा रांजण घेऊन दारात उभे होते. त्यांनी ऐकले का? मला माहीत नाही. ते एवढेच म्हणाले, “अधांतरी आला गुरुजी! पन रांजन टेकवूनच ठेवतो, नाई तं पोट्टे पानी कुठून पेतीन?” मुले हसली, साहेब हसले, मीही हसलो. त्या रांजणाचे पाणी फार गार असे. रविवारी मात्र सोमाभाऊ आले तरी नुसते ऐकत बसत. प्रश्न त्यांनी पुन्हा कधीच विचारला नाही.

मी वर्गात शिकवत असे — ठेवलेले हवे तेव्हा वाचता आले, तरच ती साठवण. नाहीतर ते पुरणे. नकाशातले पान मी पुरले होते. सोमाभाऊ गेले तेव्हा गावाने त्यांना अधांतरी म्हणूनच खांदा दिला, आणि त्या नावाचा खरा अर्थ तिथे एकट्या मला ठाऊक होता.

तेव्हा उत्तर असे: फिरत असताना टेकत नाही. सोमाजी कुंभार बरोबर होते. टाकून दिलेली जुनी हार्ड डिस्क कुठे मिळाली तर उघडा, तबकडीवर भिंग धरा, सुईची खाच सापडते का शोधा. माझ्या शब्दावर एका गावाने एकदा विश्वास ठेवला होता. तुम्ही ठेवू नका, स्वतः पाहा.