झोपेतला आकडा

इस्त्रीवालीचं तोंड बंद झालं, तेव्हा इमारतीतल्या निम्म्या लोकांना बातम्याच मिळेनाशा झाल्या. तिच्या टेबलावर कपडे टाकले की कोणाची सून रुसली, कोणाचा जावई सासुरवाडीतून हलतच नाही, सगळं घडीसकट हाती पडायचं. मग तिला मूल झालं, ओठ निळे निघाले. आठवड्याचं असतानाच त्याची छाती उघडून हृदयाजवळ बारीकशी नळी बसवली. तेव्हापासून बाई नुसतं "हं" म्हणायची. भाव विचारा, हं. बाळ कसंय विचारा, हं.

डॉक्टरीणबाईंनी तेव्हाच सांगून ठेवलं होतं, की पोर वाढलं की ही नळी पुरायची नाही, दुसरं ऑपरेशन लागेल. "पहिल्या जखमेमुळे आतलं सगळं एकमेकांना चिकटतं. कधी हृदयच छातीच्या हाडाला. हाड कापतानाच खरा धोका. बाळ जितकं मोठं, तितकं आम्हाला सोपं. पण ऑक्सिजन उतरायला लागला, तर थांबता येणार नाही."

इस्त्रीवालीच्या मनात 'जितकं मोठं, तितकं सोपं' एवढंच रुतलं. शेवटचं वाक्य डोक्यावरून गेलं, की तिने जाऊ दिलं, ते तिचं तिलाच ठाऊक.

रोज बाळाच्या पायाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावायचा आणि तो आकडा हॉस्पिटलच्या सिस्टरना फोनवर कळवायचा, असा नेम होता. साहेब (घरात बाळाला साहेबच म्हणत, अख्खं घर त्याच्या तालावर नाचायचं ना!) दूध पिताना धापा टाकायचे, आकडा घसरायचा. मग ती चिमटा काढून ठेवायची. साहेब गाढ झोपले की पुन्हा लावायची आणि तोच आकडा कळवायची. खोटं कुठे बोलली? आकडा खराच, फक्त झोपेतला. तेवढंच पोर अंगाने भरेल, असा तिचा हिशेब.

सासूबाईंना यातलं काहीच माहीत नव्हतं. एका सकाळी त्या आत नातवाला बाटलीने पाजत होत्या, चिमटा पायालाच राहिला होता, आणि ही बाहेर फोनवर.

"ब्याऐंशी, सिस्टर."

"अगं ए, ब्याऐंशी कुठलं?" सासूबाई आतून कडाडल्या. "इथे अडुसष्ट दाखवतंय! डोळे आहेत की शर्टाची बटणं?"

फोनवर ते ऐकू गेलं. मग सिस्टर म्हणाल्या, "ताई, लगेच घेऊन या त्याला."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. स्कॅन बघून म्हणाल्या, "हृदय एका जागी हाडाला चिकटलंय. म्हणून हाडाला हात लावायच्या आधीच मानेतल्या रक्तवाहिन्यांना हृदयाचं काम करणारं यंत्र जोडायची तयारी करू. रक्तही खोलीतच आणून ठेवू. उघडताना घाई करणार नाही."

"अजून मोठा झाला असता तर?"

"नळी बुजत आलीये. मोठा व्हायला राहिला नसता."

"हं," इस्त्रीवाली म्हणाली आणि सही केली.

बाहेरच्या बाकावर सासू-सुना बसल्या. सासूबाईंचे देव, डॉक्टर, पंखा, सगळ्यांना बोल लावून झाले. ही समोरच्या भिंतीकडे बघत होती. भिंतीवर काही नव्हतं.

बऱ्याच वेळाने सिस्टर बाहेर आल्या. "छाती उघडली. हृदय हाडापासून सुटं केलंय, कुठे फाटलं नाही. आता यंत्रावर आहे, पुढचं काम सुरू झालं."

सासूबाई हमसून हमसून रडायला लागल्या. "तूही रड की गं बये! नुसता दगड झालीयेस."

"आत्ता नको, आई," इस्त्रीवाली म्हणाली. "अजून छाती बंद करायचीय त्यांना."