बटण बरोबर आहे

आमच्या घरी सगळं पलंगावर बसून चालायचं, असं मी सांगते तेव्हा नातवंडांना वाटतं आजी फेकते. एकोणीसशे साठच्या आसपासचं अमरावती, राजापेठेच्या मागच्या गल्लीतलं भाड्याचं घर, त्यात कसली आली बटणं? पण खरंच चालायचं. उशाशी हात नेला की दिवा लागायचा, पंखा फिरायचा. रेडिओ बातम्यांच्या वेळी आपणहून बोलायला लागायचा. दोरी ओढली की खिडकीतल्या खसाच्या टट्टीवर, म्हणजे वाळ्याच्या पडद्यावर, पाणी पडायचं. हे सगळं आमच्या ह्यांचं करणं. हे अकोल्याला वीज कंपनीत नोकरीला होते. शनिवारी संध्याकाळी यायचे, पिशवीत वायरचं भेंडोळं असायचं आणि चहा व्हायच्या आत भिंतीला खिळे ठोकायला सुरुवात व्हायची.

पलंगावरचे मामंजी, म्हणजे माझे सासरे. जुने वकील. कोर्टाच्या पायऱ्यांवरून पडले आणि मांडीचं हाड मोडलं. ते जुळलं, पण असं वेडंवाकडं जुळलं की पुन्हा उभं राहणं झालं नाही. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. तेव्हा आठवडाभर त्या घरात ते आणि मी, दोघंच. आणि रिवाज असा, की सुनेनं सासऱ्याशी समोरासमोर बोलायचं नाही. सासऱ्यानंही सुनेला हाक मारायची नाही, काही सांगायचं तर तिसऱ्या माणसाकरवी. तिसरं माणूस घरात नसेल तर काय करायचं, हे रिवाज घालणाऱ्यांनी ठरवून ठेवलं नव्हतं.

मग आम्ही भिंतीशी बोलायला लागलो. मामंजी छताकडे पाहून म्हणायचे, "आज काही पाणी मिळते का या घरात?" मी दाराच्या चौकटीला सांगायची, "आणून राहिली." उन्हाळ्यात दुपारी ते टट्टीकडे तोंड करून म्हणायचे, "खस वाळली वाटते." मी बादली घेऊन आत जायची आणि टट्टीवर पाणी मारता मारता टट्टीलाच ऐकवायची, "आत्ताच तं मारलं होतं, ऊनच तसं हाय." त्यावर ते भिंतीला म्हणायचे, "ऊन तं हायेच." आता हसू येतं. तेव्हाही यायचं, पदर तोंडाशी धरून मी स्वयंपाकघरात येऊन हसायची. पण माझं माहेर पातूरचं, आणि वर्तमानपत्रात पातूरचं काही आलं, बाजाराचं, पावसाचं, एखाद्या सभेचं, की तेवढी बातमी मामंजी मोठ्यानं वाचायचे. बाकीचा पेपर मनात. ते कोणासाठी वाचतात हे मला कळत होतं आणि मला कळतं हे त्यांना कळत होतं. बापाच्या घरीसुद्धा माझी इतकी दखल कोणी घेतली नव्हती.

मी मॅट्रिक पास होते. अकोल्याला मास्तरणीचं ट्रेनिंग घ्यायचं आणि शाळेत शिकवायचं, ही एकच गोष्ट मला मनापासून हवी होती. लग्न ठरताना ह्यांनी हो म्हटलं होतं. पण मामंजी असे पडल्यावर त्यांना टाकून जायचं कसं? आणि परवानगी कोण मागणार? मी तर मागू शकत नव्हते. ह्यांनी मागायला हवी होती, पण बापापुढे ह्यांच्या तोंडातून ब्र निघत नसे. शेवटी एका रविवारी ह्यांनी तोड काढली.

"बाबाले कोणाची गरजच नाई पडली पाह्यजे," हे म्हणाले. "सारं बटणावर करून देतो. सैपाकाले एखादी बाई लावू. मंग तुले अडवून कोण ठेवते?"

मी खूश झाले. एवढी हुशारी माझ्यासाठी चालली आहे, याचा मला कोण अभिमान वाटला! वायर धरायला, स्टुलावर चढायला, पडलेले स्क्रू शोधायला मीच पुढे.

पहिली आली घंटी. मामंजींच्या उशाशी लोंबतं बटण, घंटी स्वयंपाकघरात. तिची भाषा ह्यांनी ठरवून दिली. एकदा वाजली की पाणी, दोनदा वाजली की चहा, तीनदा म्हणजे जेवण. मोलकरणीचा मुलगा सकाळ-संध्याकाळ त्यांचं अंगाचं करायला यायचा, त्याला आत पाठवायचं असेल तर चारदा. मामंजींनी ते एखादं कलम पाठ करावं तसं पाठ केलं आणि कधी चुकले नाहीत. मी दोनदा ऐकलं की चहा नेऊन तिपाईवर ठेवायची आणि मागे फिरायची. छताला काही विचारायची गरज उरली नाही.

मग दिव्याचं आणि पंख्याचं झालं. मग रेडिओ. त्यासाठी ह्यांनी गजराचं घड्याळ वापरलं. गजर वाजायला लागला की घड्याळाच्या पाठीवरची किल्ली फिरते, तिला दोरा बांधला, दोरा स्विचला. गजर होताच दोरा गुंडाळला जाऊन स्विच खाली यायचा. पहिल्या दिवशी सकाळी मामंजी जप करत होते. आपोआप रेडिओ तापला आणि खोलीत एक परका पुरुष खणखणीत आवाजात बोलू लागला, तेव्हा जप सोडून ते ओरडले, "कोण हाय रे तिकडे? आत कसा आला?" रेडिओ आहे हे कळल्यावर स्वतःच पोट धरून हसले, आणि ती गोष्ट ऐकून कोर्टाच्या बाररूममधले त्यांचे वकील मित्र मुद्दाम पाहायला आले. मामंजींनी सगळ्यांना घड्याळ दाखवलं, पोराचं कौतुक केलं. बातम्या आता रेडिओ सांगायचा, म्हणून पेपर घडीचा तसाच पडून राहू लागला.

शेवटी खसाची टट्टी. खिडकीच्या वर एक डबा बसवला, त्याखाली भोकं पाडलेली पन्हळ, डब्याच्या तोटीला दोरी, दोरी कप्पीवरून थेट पलंगापर्यंत. डबा रॉकेलचा होता आणि मी तो नीट घासला असं मला वाटलं होतं. पहिल्या दिवशी वाळ्याच्या गारव्याऐवजी घरभर रॉकेलचा वास सुटला आणि मामंजींनी दोन दिवस नाकाला उपरणं लावलं. पण वास गेल्यावर यंत्र झकास चालू लागलं. दोरी ओढायची की सर्रकन पाणी. बादली घेऊन मला आत जायचं कारण राहिलं नाही.

घर किती शांत झालं, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. दुपारी मी स्वयंपाकघरात तांदूळ निवडत बसायची आणि आतून दोरीचा आवाज यायचा, पाणी पडायचं, मग काही नाही. कधी वाटायचं, उगाच जाऊन विचारावं, खस वाळली का? पण वाळली असती तर दोरी ओढली असती ना! भिंतीशी बोलायलासुद्धा निमित्त लागतं. ती सगळी निमित्तं आम्ही नवरा-बायकोनं मिळून, स्टुलावर चढून, एकेक करून काढून टाकली होती.

ट्रेनिंगचे अर्ज मे महिन्यात सुटायचे. मी ह्यांच्या मागे लागले, आता बोला. हे म्हणायचे, पुढच्या शनिवारी. पुढच्या शनिवारी म्हणायचे, "आज बाबाचा मूड दिसत नाई." घरभर वायर ओढणाऱ्या माणसाला एक वाक्य बोलवेना. एका रविवारी माझा तोल गेला. मोझरीच्या आत्याबाई, म्हणजे मामंजींची धाकटी बहीण, दोन दिवसांसाठी आल्या होत्या. त्या ओट्यावर बसल्या आहेत हेही मी पाहिलं नाही.

"मले शिकाचं हाय!" मी ओरडले. "तुमाले बोलता येत नसन तं तसं सांगा. काहून झुलवत ठेवता?"

ह्यांनी मान खाली घातली आणि संध्याकाळच्या गाडीनं अकोल्याला निघून गेले. आत्याबाईही दुसऱ्या दिवशी सकाळीच मोझरीला गेल्या.

त्याच दिवशी दुपारी घंटी वाजली. एकदा वाजली, पण थांबेचना. पाण्याची घंटी टिंग करून थांबायची. ही वाजतच राहिली, थोडी थांबली, पुन्हा तशीच लांब. अशी घंटी आमच्या भाषेत नव्हती. उन्हानं बटण अडकतं, हे ह्यांनी मला सांगून ठेवलं होतं. एकदा तसं झालंही होतं. मी पदर सावरला, हाताला लागला तो पाण्याचा तांब्या उचलला आणि दारात गेले. मामंजी उशीला टेकून ताठ बसले होते. अंगात पैरण, आणि केस विंचरलेले. बटण हातात होतं.

मी चौकटीला म्हटलं, "बटण अडकलं वाटते."

मामंजी भिंतीकडे पाहून म्हणाले, "बटण बरोबर आहे."

असं स्वच्छ पुस्तकी ते कोर्टातच बोलायचे. मला वाटलं, अडकलं होतं ते सुटलं. जीव भांड्यात पडला, कारण दुरुस्तीला हे नव्हते. मी तांब्या तिपाईवर ठेवला आणि परत आले. मागून त्यांनी खाकरल्यासारखं केलं, पण घसा तर ते दिवसभर साफ करायचे. पुढच्या दोन-तीन दिवसांत पुन्हा एकदा तशी लांब घंटी झाली. मी पुन्हा पाणी ठेवून आले. त्यानंतर नाही झाली.

अर्जाची मुदत गेली. ह्यांनी शेवटपर्यंत विचारलं नाही. पुढच्या हिवाळ्यात मामंजींना न्यूमोनिया झाला आणि ते गेले. मी अकोल्याला आले ती दिवस गेलेली, पुढच्या दोन वर्षांत दोन मुलं. ट्रेनिंगला वयाची अट होती. ती अट ओलांडली गेली त्या दिवशी मी काय करत होते तेही मला आठवत नाही. बहुतेक धुणं. मामंजींवर मी मनातून राग धरला होता. म्हणायची, म्हाताऱ्यानं अडवलं. त्यांनी अडवलं कुठे होतं, त्यांना तर कोणी विचारलंच नव्हतं. पण राग ठेवायला कोणीतरी लागतं आणि गेलेला माणूस त्या कामाला बरा पडतो.

मग एका उन्हाळ्यात आत्याबाई अकोल्याला आमच्याकडे आल्या. माझी मोठी मुलगी शाळेत जायला लागली होती. तिला मी पाटीवर अक्षरं गिरवून देत होते. ते पाहून आत्याबाई म्हणाल्या, "मास्तरीण शोभली असती तू. पण तुलेच नोको होतं, त्याले कोण काय करन?"

"मले नोको होतं? कोण म्हणते?"

"दादा म्हणे. अव, त्या दिवशी तुमचं भांडण त्यानं पलंगावरून सारं आयकलं. रात्री मले म्हणे, सुनेले ट्रेनिंगले पाठवतो, तू बाडबिस्तरा घेऊन माह्याजवळ राह्यले ये. म्या म्हटलं, पोराले सांग मंग. तं म्हणे, पोराले कायले? जिची केस तिच्या तोंडून आयकतो, बोलावून इचारतो तिले."

माझ्या हातातली पेन्सिल तशीच राहिली. आत्याबाई आपल्या नादात सांगत होत्या. "मी तिकडे वळकटी बांधून बसलेली. तं आठा दिवसानं निरोप आला, येऊ नोको. मंग भेटला तवा म्हणे, म्या दोनदा बोलावलं तिले. आली, तं बटणाले नावं ठेवून, पाणी ठेवून चालली गेली. मनात नाई तिच्या, नवऱ्यासमोर रागानं बोलली असन. म्हणे, मी कायले जबरदस्ती करू?"

"मंग तुमी मले काहून नाई इचारलं?" माझा आवाज चढला. मुलगी दचकली.

आत्याबाईंना माझा राग समजेचना. त्या अगदी सहज म्हणाल्या, "सुनेले कोणी इचारत असते काय व?"

आत्याबाईंचं बरोबर होतं. माहेरी मला कोणी विचारलं नव्हतं, लग्नात कोणी विचारलं नव्हतं, आणि ज्यांनी माझ्यासाठी घरभर वायरी ओढल्या त्यांनीही, तुला काय वाटतं, असं कधी विचारलं नाही. आख्ख्या जन्मात एका माणसाच्या मनात आलं की हिला विचारावं. त्यासाठी तो केस विंचरून, ताठ बसून वाट पाहत होता आणि मी दारातून पाणी ठेवून परत आले.