मिरजेला नेलेला फेटा

रसिक हा शब्द ऐकला की माझं तोंड कडू होतं. ज्यांनी हा शब्द स्वतःला लावून घेतला होता अशा तिघांबरोबर मी एकदा कोल्हापूरहून मिरजेला गेलो, सकाळच्या गाडीनं, संगीत नाटक बघायला. त्या दिवशी जे पाहिलं त्यानं माझं मत जे बनलं ते अजून बदललेलं नाही, आणि बदलावं असं कारणही कुणी दिलेलं नाही.

मी तेव्हा कोल्हापुरात एका वैद्यबुवांच्या घरी राहून औषधं कुटत होतो. गाव माझं खाली कोकणात, समुद्राच्या काठी. मराठी चौथीत शाळा सुटली, वडील गेले, आणि घाट चढून मी या गावात आलो तेव्हा मला खल कसा धरायचा तेही ठाऊक नव्हतं. वैद्यबुवांनी काही न विचारता ठेवून घेतलं. जेवायला पंगतीत बसवलं, निजायला माळा दिला. त्यांचे उपकार मी रोज सकाळी उठल्या उठल्या मनात आठवत असे आणि लगेच मागोमाग भीती वाटे की आज आपल्या हातून काही सांडेल, फुटेल, आणि हे सगळं जाईल. वैद्यबुवा मला कधी वाकडा शब्द बोलले नाहीत. तरी भीती होती ती होतीच.

हे तिघे मला वैद्यबुवांच्या दुकानाच्या ओट्यावर भेटले. एक कचेरीतला कारकून, त्याला बाकीचे अध्यक्ष म्हणत. कशाचा अध्यक्ष, ते मी विचारलं नाही. दुसरा गुळाच्या अडत्याचा मुलगा, अंगानं थोराड, तालमीत जाणारा. तिसरा शाळामास्तर. तो मांडीवर सारखा ताल धरी आणि तो दर खेपेला चुके. तिघेही एकाच नटाचे वेडे होते. तो नट स्त्रीपार्ट करी. त्याला हे लोक ‘आपली बाई’ म्हणत. बाई नाटकात ज्या रंगाचं लुगडं नेसे त्या रंगाचा रुमाल यांच्या खिशात. बाई मान ज्या बाजूला कलती करी, त्याच बाजूला मास्तर वर्गात मान कलती करून पाढे म्हणवी, असं त्याच्याच शाळेतल्या पोरांनी मला सांगितलं.

वेड मलाही होतं, ते नाकारत नाही. त्या नटाचा आवाज ऐकला की मला आमच्याकडची संध्याकाळ आठवे, का ते माहीत नाही. आमच्याकडे कोणी गात नसे. पण मी रुमाल घेतला नाही.

महाराजांच्या कृपेनं कोल्हापूर तेव्हा कुस्तीचं गाव झालं होतं. मैदान ठरलं की दुकानं ओस पडत. त्याचा परिणाम असा की या गावच्या माणसाला कुठलीही गोष्ट बघितली की त्यात लढणारी एक जोड दिसे आणि कोण पडला ते कळल्याशिवाय चैन पडत नसे. गाणंसुद्धा हे लोक तसंच ऐकत. नाटकात बाईसमोर राजाचं काम करणारा जो नट होता, त्याचेही चाहते होते, ते सांगली-मिरजेकडचे. राजाच्या पदाला किती वन्स मोअर पडले आणि बाईच्या पदाला किती, यावर कुस्ती ठरे. पद कसं झालं हा प्रश्न कुणालाच पडत नसे.

त्या रविवारी कंपनीचा मिरजेतला शेवटचा खेळ होता. रात्रीच्या गाडीनं सामान पुढच्या मुक्कामाला न्यायचं असल्यामुळे खेळ दुपारी लावला होता, म्हणून एका दिवसात जाऊन येणं जमणार होतं. एरवी मला सुटी मागायचं धैर्य झालं नसतं. पण त्या नटाचा घसा बसला होता, कंपनीनं वैद्यबुवांकडे माणूस पाठवला होता आणि औषध कुणीतरी पोचवायचं होतंच. वैद्यबुवा म्हणाले, तू जा, आणि नाटकही बघून ये. मी त्यांच्या पाया पडलो. त्यांनी पुडीबरोबर निरोप दिला, तो मला दोनदा म्हणायला लावला: एक पद एकदाच. पुन्हा म्हटलंस तर घसा जाईल, आणि गेलेला घसा मला परत आणता येत नाही.

अध्यक्षांनी मला आपल्या डब्यात जागा दिली, दशम्यांतल्या दोन दिल्या, ‘बसा पावणं’ म्हणाले. कोल्हापुरात मला इतकी वर्षं झाली होती तरी मी पावणाच होतो. पण त्यांनी मला नेलं याचं मला तेव्हा फार वाटलं. एकट्यानं गाडीत बसायची माझी छाती नव्हती.

रुकडीच्या पुढं अडत्याच्या मुलानं पिशवीतून फेटा काढला. गुलाबी, जरीकाठी, वर्गणी काढून घेतलेला. मैदानात कुस्ती मारलेल्या पैलवानाला बांधतात तसा फेटा हे लोक आपल्या बाईला बांधणार होते. स्टेजवर, सगळ्यांच्या देखत.

मास्तरला शंका आली. बाईच्या डोक्यावर गंगावन असतं, अंबाडा असतो, वर वेणी माळलेली असते, त्यावर फेटा बसणार कसा?

“बसवायचा की,” अडत्याचा मुलगा म्हणाला. “पैलवानाचं टकुरं भोपळ्यागत असतंय, त्याच्यावर बसतोय. हे तर निस्तं केसच हाईत.”

अध्यक्षांनी सुचवलं की हातात द्यावा. त्यावर अडत्याचा मुलगा म्हणाला की हातात दिलेला फेटा म्हणजे हरलेल्या गड्याची समजूत काढल्यागत दिसतंय. हा वाद हातकणंगल्यापासून कृष्णेच्या पुलापर्यंत चालला. लुगडं नेसलेल्या माणसाला फेटा का बांधायचा, हे त्या डब्यात कुणी विचारलं नाही. मीही नाही, मी दर थोड्या वेळानं पुडी चाचपत होतो.

कंपनीच्या बिऱ्हाडी मी एकटाच गेलो. तो नट मागच्या सोप्यात घोंगडीवर बसला होता, गळ्याला लोकरीचं फडकं गुंडाळलेलं, दाढी नुकतीच घोटलेली, समोर गुळण्यांचं तांब्याभर पाणी. जवळून बघितला तर माझ्याच वयाचा निघाला. मी निरोप सांगितला. त्यानं मान हलवली आणि एक बोट वर केलं, म्हणजे एकदाच. मग घोगऱ्या आवाजात, जेमतेम ऐकू येईल असं म्हणाला, “तुमच्या कोल्हापूरकरांना तेवढं सांगा.”

मॅनेजर दारात उभा होता. मी त्याला म्हटलं, पडदा उघडण्याआधी तुम्हीच प्रेक्षकांना सांगितलंत तर बरं होईल. तो हसला. बाईचा घसा बसलाय असं जाहीर केलं तर थिएटर रिकामं होईल, म्हणाला. मोठा हिशेबी माणूस.

मी धावत बाहेर आलो. तिघे थिएटरासमोर चिरमुरे खात उभे होते. मी त्यांना सगळं सांगितलं, निरोपाचे शब्द जसेच्या तसे. माझी बोलताना जीभ अडखळते, तरी त्या दिवशी मी नीट बोललो. वन्स मोअर ओरडू नका, आज त्याचा घसा जाईल.

मास्तरच्या डोळ्यांत पाणी आलं. अध्यक्षांनी छातीवर हात ठेवला. अडत्याचा मुलगा म्हणाला, “आमी काय राक्षस हाय व्हय, पावणं? त्यो आमचा जीव हाय. तोंड न्हाय उघडायचो.”

मी या माणसांवर विश्वास ठेवला. दुसरं काय करणार होतो?

थिएटर म्हणजे पत्र्याची मोठी शेड. उजेड येऊ नये म्हणून फटींना गोणपाटं लावलेली, आत उकाडा भट्टीचा. पहिला अंक बरा गेला. बाईच्या वाट्याला दोन लहान पदं होती, ती त्यानं जपून, खालच्या सुरात म्हटली आणि आमच्या बाकावर कुणी तोंड उघडलं नाही. मी मनात त्यांची क्षमा मागितली. इतकी वर्षं आपण या लोकांना उगाच हलकं समजलो, असं वाटलं.

दुसऱ्या अंकात राजाचं पद झालं. पलीकडच्या बाकांवरून वन्स मोअर पडला. राजानं पुन्हा म्हटलं. पुन्हा वन्स मोअर. राजा तिसऱ्यांदा गायला, छाती काढून, आणि तिकडच्या लोकांनी आमच्याकडे वळून टाळ्या पिटल्या. अडत्याच्या मुलाच्या मानेवरची शीर तटतटलेली मला दिसली. कुणी त्याच्या गड्याला चितपट केलं असतं तरी तो इतका लाल झाला नसता.

मग बाईचं पद आलं. सगळे वाट बघत होते ते विरहाचं पद. ऑर्गनवाल्यानं मुद्दाम पट्टी उतरवून घेतली होती. नट गायला. आवाज मधूनमधून खरखरत होता, आणि मला खरं सांगायचं तर ते पद मी त्याच्या तोंडून इतकं चांगलं कधी ऐकलं नव्हतं. संपलं. टाळ्या पडल्या. क्षणभर वाटलं, निभावलं.

“वन्स मोअर,” अडत्याचा मुलगा उभा राहून गरजला. त्याच्या मागोमाग अध्यक्ष. त्यांच्या मागोमाग मास्तर, ज्याच्या गालावरचं मघाचं पाणीही वाळलं नसेल.

मी अडत्याच्या मुलाचा सदरा धरून खाली ओढला. म्हटलं, अहो, तुम्ही कबूल केलंय. त्यानं माझा हात झटकला.

“गप बसा, पावणं. एकावरच सोडला तर उद्या गावात तोंड कुठं दावायचं?”

नट पुन्हा गायला. वरच्या सुराला आवाज फाटला, पण त्यानं सावरून घेतलं. मला वाटलं आता तरी. पण राजाचं पद तीनदा झालं होतं ना. यांना बरोबरी हवी होती. बरोबरीवरही चाललं नसतं, वर एक हवा होता. अध्यक्ष बाकावर चढले. मी डोळे मिटून घेतले होते, त्यामुळे जे झालं ते मी फक्त ऐकलं. तो गाऊ लागला, दोन शब्द आले, आणि पुढं नुसता वारा. ऑर्गन एकटाच थोडा पुढं गेला आणि थांबला.

डोळे उघडले तर तो तसाच उभा होता, मान कलती, हात उचललेला. तोंड उघडं. मग त्यानं हात जोडले.

आमच्या बाकावर कुणीतरी म्हणेल, अरेरे. कुणीतरी म्हणेल, आपण हे काय केलं. मी वाट बघितली. मास्तर म्हणाला की ऑर्गनवाल्यानं पट्टी फार खाली घेतली, तिथंच घात झाला. अध्यक्ष म्हणाले की हल्ली त्याची मेहनत कमी झालीय, लाड फार झाले. अडत्याचा मुलगा पडलेल्या गड्याकडे मैदानात बघतात तसा स्टेजकडे बघत होता, म्हणजे बघत नव्हता.

बाईची राहिलेली पदं गाळून कंपनीनं नाटक उरकलं. शेवटी सगळी पात्रं रांगेनं उभी राहिली, बाई राजाच्या शेजारी. तेव्हा अडत्याचा मुलगा उठला, पिशवी घेऊन पायऱ्या चढला आणि तो गुलाबी फेटा त्यानं राजाच्या डोक्याला बांधला. स्वतःच्या हातानं, झोकात, तुरा काढून. कोल्हापूरकरांच्या वतीनं, असं अध्यक्षांनी खालून ओरडून सांगितलं. पलीकडच्या बाकांनी टाळ्यांनी पत्रा हादरवला. बाईनंही टाळ्या वाजवल्या. नियमच तसा असावा.

परतीच्या गाडीत तिघेही राजाच्या गाण्यातल्या बारकाव्यांवर बोलत होते. मला खिडकीशी जागा दिली होती. मी त्यांच्याशी बोललो नाही, आणि हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. मला एकच धास्ती होती, वैद्यबुवांना काय सांगायचं. सांगितलं तेव्हा ते रागावले नाहीत. मी निरोप पोचवला का एवढंच विचारलं, आणि मला जेवायला बसवलं. ते घर मला मिळालं नसतं तर मी कदाचित अशाच लोकांबरोबर बाकावर चढून ओरडत बसलो असतो.

पुढच्या उन्हाळ्यात कंपनी कोल्हापूरला आली. तो नट वैद्यबुवांकडे दाखवायला आला. आता तो दासीची कामं करत होता, दोन-चार वाक्यांची. वैद्यबुवा आत औषध काढत होते तेव्हा आम्ही ओट्यावर दोघेच होतो. मी म्हटलं, त्या दिवशी मी त्या लोकांना बजावून सांगितलं होतं, त्यांनी ऐकलं नाही, माणसंच हलकी.

तो त्या पिचलेल्या आवाजात म्हणाला, “विंगेतून मॅनेजर मला आत बोलावत होता. मीच गेलो नाही. समोर राजाला तीनदा आणि मला एकदा? ते ओरडले नसते तर मी जन्मभर त्यांचं तोंड बघितलं नसतं.”

म्हणजे हाही त्यांच्यातलाच. वैद्यबुवांनी दिलेलं औषध मी नीट पुडी बांधून त्याच्या हातात ठेवलं, कसं घ्यायचं ते सांगितलं. पुढे गावात त्याच्या गेलेल्या आवाजाबद्दल कुणी हळहळायला लागलं, आणि हळहळणाऱ्यांत हे तिघे पहिले असत, की मी उठून आत जाई आणि खल ओढून घेई.