मैदानाच्या कडेची बदामाची झाडं

आमच्या मैदानाच्या पश्चिमेच्या कडेला देशी बदामाची झाडं ओळीने लावलेली आहेत. अजून ती माणसाच्या उंचीचीच आहेत, सावली म्हणावी अशी पडत नाही, तरी फिरायला येणारी मंडळी त्यांचं कौतुक करतात. 'तुमच्या मागणीमुळे झालं हो हे,' असं कोणी म्हणालं की मी 'छे, छे' करते आणि चालण्याचा वेग वाढवते. लोकांना वाटतं, बाई विनयशील आहे. विनय माझ्या अंगात कधीच नव्हता. मला लाज वाटते.

मैदान विरार पश्चिमेला, आगाशीच्या रस्त्यापासून जरा आत. पूर्वी ते नुसतं माळरान होतं. पोरं क्रिकेट खेळत, सकाळी म्हातारे फेऱ्या मारत, आणि संध्याकाळी एका कोपऱ्यात बांबूंना जाळी बांधून आम्ही बायका थ्रोबॉल खेळायचो. कोणी शाळेत शिकवणारी, कोणी पोळीभाजी केंद्र चालवणारी, मी माणिकपूरच्या एका कॉलेजच्या ऑफिसात. बहुतेकींची चाळिशी उलटलेली. पहिले काही महिने लोक उभं राहून बघायचे, हसायचे. मग सवय झाली.

आमची कॅप्टन आमच्यात सगळ्यांत मोठी. आगाशीच्या बागायतदार घरातली, बँकेतून निवृत्त झालेली, नात शाळेत जाणारी. घरी ती आपल्या वाडीच्या बोलीत बोले, आमच्याशी बँकेतल्या मराठीत. स्कूटर लावून मैदानात उतरली की पदर खोचल्यासारखी ओढणी कमरेला बांधायची आणि मग समोरच्या बाजूला तिचा चेंडू कुठे पडेल ते देवालाच ठाऊक. मी तिला ताई म्हणायचे. ती मला 'तोफ' म्हणायची.

तोफ म्हणण्याचं कारण उघड होतं. माणिकपूरच्या स्टँडवरचे रिक्षावाले मला लांबून ओळखतात आणि दुसरीकडे बघतात. सोसायटीच्या सभेत मी बोलायला उठले की सेक्रेटरी पाणी पितो. माझ्या तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की नवरा बाल्कनीत जाऊन उभा राहतो. तेव्हा टीमच्या वतीने काही बोलायचं असलं की ते काम माझ्याकडे यायचं, आणि मलाही ते आवडायचं.

मैदानाच्या फाटकाशी एका ख्रिस्ती मावशींचं कौलारू घर होतं. मावशी एकट्या. त्यांच्या परसातला संडास आम्हाला खुला होता. खेळता खेळता कोणी म्हणायची, 'गॅस बंद केला की नाही बघून येते,' आणि मावशींकडे पळायची. हा आमचा ठरलेला शब्द. एका संध्याकाळी चार-चार जणींना गॅस आठवायचा. फेऱ्या मारणारे काका हसायचे, 'तुमच्या घरांचं काही खरं नाही.' पुरुषांना असं काही आठवावं लागत नसे. त्यांना मैदानामागची भिंत होती.

मग मावशींच्या मुलाने त्यांना नाशकाला न्यायचं ठरवलं, आणि त्याच सुमाराला मैदान सुधारायची योजना आली. धावपट्टी, दिवे, व्यायामाची साधनं, पक्कं कोर्ट. रहिवाशांच्या सूचना घ्यायला रविवारी सकाळी मैदानावरच सभा ठेवली होती. आदल्या संध्याकाळी आम्ही मावशींच्या ओटीवर बसून ठरवलं की बाकी काही मागायचं नाही, फक्त बायकांसाठी मुतारी आणि कपडे बदलायला एक खोली. 'मैदान आपलं म्हणे! आपलीच मोरी आणि मुतायची चोरी,' कॅप्टन म्हणाली. आम्ही इतक्या हसलो की मावशी आतून विचारायला आल्या. बोलणार कोण, हा प्रश्नच नव्हता.

सभेला मंडप होता. टेबलामागे इंजिनिअर आणि वॉर्डातले पुढारी, समोर खुर्च्या. पहिल्या रांगेत ज्येष्ठ नागरिक संघ, आणि त्यांच्या मधोमध माझे सासरे. पांढरा सदरा, काठी, कानात मशीन. माझ्या लग्नाला पंचवीस वर्षं होऊन गेली. त्यांच्याशी मी राजकारणावर भांडते, त्यांच्या साखरेवर ओरडते, पण घरात बाथरूमकडे जाताना आजही ते बाहेर बसले असतील तर मी उगीच आधी स्वयंपाकघरात जाते आणि मग तिकडून वळते. असं का करते, मला कोणी शिकवलेलं नाही. त्यांच्या मागच्या रांगेत मुलाचे गणिताचे सर होते आणि आमचा सेक्रेटरी.

इंजिनिअर साहेब म्हणाले, 'महिला भगिनींची काही सूचना?'

मी उठले. कॅप्टनने माझ्या पाठीवर हात ठेवला. सासऱ्यांनी मशीन नीट बसवलं आणि मान वळवून माझ्याकडे बघितलं, चेहऱ्यावर कौतुक. आमची सून बोलणार! तो शब्द माझ्या तोंडात तयार होता. मी तो सोप्या रूपातही घोळवून बघितला होता, शौचालय, स्वच्छतागृह, अगदी टॉयलेटसुद्धा. त्यातला एकही बाहेर येईना. माझे कान गरम झाले.

'सावली नाहीये,' मी म्हणाले. 'झाडं लावा.'

टाळ्या पडल्या. 'वा, पर्यावरणाचा विचार!' पुढारी म्हणाले. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे आमच्या बायकांनीही टाळ्या वाजवल्या, सुटल्यासारख्या. फक्त कॅप्टनने वाजवल्या नाहीत. तिने पाठीवरचा हात काढून घेतला, एवढंच.

नंतर चहा पिताना आम्ही म्हणालो, पुढच्या वेळी सांगू. पुढची वेळ कुठून येणार? नकाशा मंजूर झाला. काम मात्र छान झालं, खोटं कशाला बोलू. धावपट्टी झाली, आमचं कोर्ट झालं, लोखंडी खांबाला खरी जाळी लागली, बाकं आली, पिण्याच्या पाण्याचा नळसुद्धा आला. पाणी पिऊन बायकांनी पुढे काय करायचं हे कोणी विचारलं नाही, कारण विचारणारी बाई झाडं मागून खाली बसली होती. मावशी नाशकाला गेल्या आणि घराला कुलूप लागलं.

तेव्हापासून आम्ही मैदानावर यायच्या दिवशी दुपारनंतर पाणी पिणं सोडलं. कोणी कोणाला सांगितलं नाही, आपोआप सगळ्याच करायला लागल्या. मे महिन्यातही. डोकी दुखायची, पिंडऱ्यांत गोळे यायचे. आम्ही म्हणायचो, वय झालं.

त्यातच तुळिंजच्या बायकांची टीम आमच्याशी खेळायला आली. नव्या कोर्टावरचा पहिला सामना, त्यामुळे बघायला बरीच मंडळी जमलेली. तुळिंजच्या मुली तिशीच्या आतबाहेरच्या, चटपटीत. रिक्षातून उतरल्या उतरल्या त्यांच्यातल्या एकीने मला विचारलं, 'काकू, वॉशरूम किधर आहे?'

घरी पाहुणा यावा आणि त्याला बसायला पाटही नसावा, तसं झालं मला. 'इथे नाहीये गं,' मी म्हणाले. ती म्हणाली, 'मग तुम्ही लोक काय करता?' मी म्हणाले, 'लांबच्या हॉटेलात विचारून बघ ना, ते देतात कधी कधी.' त्या दोघी-तिघी मिळून गेल्या आणि परत येऊन आपसात काहीतरी बोलल्या. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

सामना रंगला. शेवटच्या सेटमध्ये बरोबरी होती. चेंडू जाळीवरून उंच आला, कॅप्टनने उडी मारली, दोन्ही हातांनी धरला आणि खाली आली. खाली आल्यावर तिने तो परत टाकलाच नाही. चेंडू पोटाशी धरून ती तशीच उभी राहिली, आणि मग हळूच कोर्टावर खाली बसली.

'पाय मुरगळला,' ती म्हणाली.

सगळे धावले. फेऱ्या मारणारे काका, क्रिकेटची पोरं, कोणी स्प्रे आणला, कोणी म्हणालं उचला, बाकावर झोपवा. ती म्हणत राहिली, नको, नको, बसू दे. आमच्या नव्या ड्रेसची पँट फिकट राखाडी होती. मी तिच्याजवळ गेले, तिने वर बघितलं, आणि मला कळलं.

त्या क्षणी तोफ सुटली. 'व्हा बाजूला सगळे! बाई बसलीय दिसत नाही? काय तमाशा आहे?' असं आणि आणखी बरंच. काका घाबरून मागे सरले, पोरं पांगली. माझ्या पिशवीतली शाल मी तिच्या कमरेला गुंडाळली, दोघींनी मिळून तिला रिक्षात बसवलं. सगळे म्हणाले, काय धीराची बाई आहे ही. माझं तोंड तेव्हा किती छान चाललं! मंडपात मात्र त्याला कुलूप लागलं होतं.

त्यानंतर कॅप्टन आली नाही. फोन केला की म्हणायची, 'पाय अजून बरा नाही गं.' मी म्हणायचे, 'जप हं.' आठवड्यामागून आठवडे गेले. टीममध्ये तिचं नाव निघालं की सगळ्या पायाबद्दल बोलायच्या. तिच्याशिवाय आम्हाला खेळ जमेना, एकेक जण यायची बंद झाली.

शेवटी मी आंबेहळद आणि मालिशचं तेल घेऊन आगाशीला तिच्या घरी गेले. वाडीचं बेडं, म्हणजे कुंपणाचं फाटक, उघडं होतं. ती वाडीत सोनचाफ्याची फुलं काढत होती. एका हातात टोपली, दुसऱ्या हाताने फांदी खाली ओढून, टाचा उंचावून. मग पाटाचं पाणी ओलांडून ती ताडताड चालत दुसऱ्या झाडाकडे गेली. मी हाक मारली. तिने वळून मला बघितलं.

आणि माझ्याकडे येताना ती लंगडायला लागली.

तेव्हा मी म्हणू शकले असते, ताई, पुरे. मी म्हणाले, 'कसा आहे पाय?' ती म्हणाली, 'जरा ठणकतो.' आम्ही ओटीवर बसलो. तिच्या बऱ्या पायाला आंबेहळद कशी उगाळून लावायची ते मी तिला सांगितलं, आणि ती, जिच्या परसात आंबेहळद उगवते, मुकाट ऐकत होती. निघताना तिने चाफ्याची फुलं दिली. बसमध्ये ती मांडीवर घेऊन मी रडले. बाजूच्या बाईने विचारलं, कोणी गेलं का? मी हो म्हणाले.

मग लोकार्पणाचा कार्यक्रम आला. पुन्हा मंडप, पुन्हा खुर्च्या, पुन्हा पहिल्या रांगेत सासरे. झाडांच्या सूचनेबद्दल माझा सत्कार होणार होता. मी घरीच ठरवून निघाले होते की आज माईक हातात आला की सांगायचंच. शाल आली, नारळ आला, टाळ्या झाल्या. पुढारी म्हणाले, 'ताई, दोन शब्द.'

'सगळं छान झालं आहे,' मी म्हणाले. 'फक्त एक गोष्ट राहिली आहे.' सासऱ्यांनी मशीनला हात लावला. माझे कान पुन्हा गरम झाले.

'झाडांना पाणी घालायची जबाबदारी आपण सगळ्यांनी घेऊ या.'

पुन्हा टाळ्या. मला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं. नारळ घट्ट धरून मी खाली उतरणार, इतक्यात शेवटच्या रांगेतून कोणीतरी उठलं. कॅप्टन. ती आलेली मला माहीत नव्हतं. मधल्या वाटेने ती स्टेजकडे आली, ज्यांनी ज्यांनी तिला रिक्षात बसवताना पाहिलं होतं त्या सगळ्यांच्या समोरून. ती लंगडत नव्हती.

तिने माझ्या हातातला माईक घेतला.

'त्या दिवशी माझा पाय मुरगळला नव्हता,' ती म्हणाली. 'माझी लघवी सुटली होती. इथे बायकांना मुतारी नाही. दुपारपासून पाणी न पिता आम्ही खेळतो, तरी या वयात उडी मारली की होतं. इथल्या निम्म्या जणींना होतं. विचारा हवं तर. पण विचारू नका, सांगणार नाहीत.' मग तिने बदामांच्या रोपांकडे बोट केलं. 'झाडं छान आहेत. मोठी झाली की त्यांच्या आड पुरुष जातील. आम्ही कुठे जायचं?'

कोणी हसलं नाही. इंजिनिअर साहेब कागदावर काहीतरी लिहू लागले. माझी नजर वर उठेना. मग पहिल्या रांगेतून काठी आपटल्याचा आवाज आला.

'बाई बोलल्या ते बरोबर आहे,' माझे सासरे म्हणाले, ऐकू कमी येणारी माणसं बोलतात तसं मोठ्याने. 'आम्हा म्हाताऱ्यांनाही पाहिजे. भिंतीमागे जायला आम्हाला काय आवडतं?'

ज्यांच्यासमोर मला तो शब्द काढता आला नव्हता ते हेच.

आता मावशींच्या घराच्या बाजूला पाया खणलाय, विटा येऊन पडल्यात. लोक म्हणतात, बायकांच्या टीमने करून घेतलं. मी तिथून जाते तेव्हा विटांकडेही बघत नाही, झाडांकडेही.

त्या दिवशी मंडप रिकामा झाल्यावर मी तिला शोधत बाहेर गेले. ती स्कूटरला किल्ली लावत होती. मी तो सत्काराचा नारळ तिच्यापुढे धरला. तिने तो घेतला आणि डिकीत टाकला.

'रविवारी येते खेळायला,' ती म्हणाली. 'आणि हे बघ, पायाला लावायला काही आणू नकोस.'